‘एक होता कार्व्हर’मधलं टस्कीगी आज कसं आहे? अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीने जपलेल्या इमारतींची गोष्ट

मराठी वाचकांना अमेरिकेतली न्यूयॉर्क, शिकागो ही शहरं माहिती असतात. पण त्या देशाच्या दक्षिणेतलं एक छोटं गावही आपल्याकडच्या हजारो घरांत ओळखीचं आहे. त्याचं नाव टस्कीगी. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून शाळेच्या ग्रंथालयापासून वाढदिवसाच्या भेटीपर्यंत ते फिरतंच आहे. डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी जिथे ४६ वर्षं काढली, ती संस्था या गावात आहे.

हे गाव अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत येतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. फक्त ही काउंटी आपल्या जिल्ह्यांच्या मानाने फारच लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे १,५८० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५३२. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यातले साधारण दहापैकी आठ जण कृष्णवर्णीय.

एवढ्या लहान काउंटीत दोन राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळं आहेत, शिवाय राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेल्या अनेक इमारती आणि जागा आहेत. त्यात गुलामगिरीच्या काळातला बंगला आहे, विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून बांधलेलं कॉलेज आहे, विमानतळ आहे आणि वैद्यकीय इतिहासातल्या एका मोठ्या अन्यायाची साक्ष देणारं चर्चही आहे.

पण ‘नोंद झाली’ म्हणजे इमारत वाचली का? अमेरिकेत ‘संरक्षित’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? मेकन काउंटीच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

आधी नियम समजून घेऊ: ‘संरक्षित’ म्हणजे काय?

अमेरिकेत १९६६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा झाला. महामार्ग आणि शहर विकासाच्या नावाखाली जुन्या वस्त्या झपाट्याने पाडल्या जात होत्या, त्या पार्श्वभूमीवर हा कायदा आला. त्यातून ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ ही राष्ट्रीय नोंदवही तयार झाली. आज तिच्यात ९० हजारांहून जास्त नोंदी आहेत.

ढोबळमानाने तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली पायरी, राष्ट्रीय नोंदवही. इमारत साधारण ५० वर्षं जुनी हवी. एखादी महत्त्वाची घटना, महत्त्वाची व्यक्ती, वास्तुकला किंवा पुरातत्त्व यांपैकी कशाशी तरी तिचा ठोस संबंध हवा. प्रस्ताव राज्याच्या जतन कार्यालयामार्फत जातो. अलाबामात हे काम अलाबामा हिस्टॉरिकल कमिशन करतं. खासगी मालकाने विरोध केला तर नोंद होत नाही.

दुसरी पायरी, राष्ट्रीय ऐतिहासिक लँडमार्क. हा दर्जा संपूर्ण देशासाठी महत्त्वाच्या जागांना मिळतो. देशभरात अशा जागा अडीच हजारांहून थोड्या जास्त आहेत.

तिसरी पायरी, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. इथे नॅशनल पार्क सर्व्हिस ही केंद्र सरकारची संस्था प्रत्यक्ष देखभाल करते. रेंजर असतात, संग्रहालय असतं, सरकारी बजेट असतं.

आता खरी गंमत. पहिल्या पायरीवरची इमारत खासगी मालकीची असेल आणि मालक स्वतःच्या पैशाने ती पाडत असेल, तर केंद्र सरकार त्याला रोखू शकत नाही. हो, बरोबर वाचलंत. नोंदवहीत नाव असूनही बुलडोझर चालू शकतो.

मग नोंदीचा फायदा काय? केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणारा प्रकल्प असेल, उदाहरणार्थ महामार्ग, तर जुन्या वास्तूवर काय परिणाम होईल याची तपासणी करावी लागते. यालाच कलम १०६ ची तपासणी म्हणतात. ती प्रकल्प थांबवण्याची हमी देत नाही, पण विचार करायला भाग पाडते. दुसरा फायदा पैशाचा. उत्पन्न देणारी नोंदणीकृत इमारत नियमांनुसार दुरुस्त केली, तर खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलत मिळते. दुकान किंवा हॉटेल असेल तर हे उपयोगी. चर्चला किंवा बंद पडलेल्या शाळेला याचा थेट फायदा होत नाही. त्यांना अनुदानांच्या मागे धावावं लागतं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भारतात १९५८ च्या कायद्याखाली केंद्र संरक्षित स्मारकाला हात लावणं गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करण्यास मनाई आहे. पण आपला निकष निदान १०० वर्षं जुन्या वास्तूंचा, आणि यादीत फक्त काही हजार स्मारकं. अमेरिकेची यादी भलीमोठी, पण कायद्याचे दात कमी. सोप्या भाषेत, आपल्याकडे थोड्यांना कडक संरक्षण आणि तिकडे पुष्कळांना सौम्य संरक्षण.

अमेरिकेत कडक नियम करू शकतात ते शहरं आणि गावं, स्वतःचा स्थानिक जतन कायदा करून. अलाबामासारख्या राज्यात काउंटी सरकारांचे अधिकार मुळातच मर्यादित आहेत. त्यामुळे गावकुसाबाहेरच्या शेतात उभी असलेली जुनी शाळा बहुतेक वेळा तिथल्या माणसांच्याच भरवशावर असते.

काउंटीची सर्वात जुनी नोंद, जिचा पत्ता दिला जात नाही

मेकन काउंटीची स्थापना १८३२ सालची. त्याआधी ही जमीन मस्कोगी क्रीक या मूलनिवासी लोकांची होती. टालापूसा नदीच्या काठावर त्यांचं अटासी नावाचं गाव होतं. नोव्हेंबर १८१३ मध्ये जॉर्जियाच्या सैन्याने हे गाव जाळलं. १८३२ च्या करारानंतर क्रीक लोकांच्या हातून अलाबामातली उरलीसुरली जमीनही गेली आणि त्याच वर्षी ही काउंटी आखली गेली.

अटासीची जागा राष्ट्रीय नोंदवहीत आहे, पण पत्त्याच्या रकान्यात ‘पत्ता गोपनीय’ असं लिहिलेलं असतं. पुरातत्त्वीय जागांच्या बाबतीत हे नेहमी केलं जातं. पत्ता जाहीर केला की लोक मेटल डिटेक्टर घेऊन खणायला येतात. म्हणजे इथे जपण्याचा मार्गच हा की जागा लोकांना सांगायची नाही.

ग्रे कॉलम्स: कापसाच्या पैशातला बंगला

क्रीक लोकांना घालवल्यानंतर इथल्या सुपीक जमिनीवर कापूस आला आणि कापसाबरोबर गुलामगिरी. हा पट्टा ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला हे नाव काळ्या मातीवरून पडलं. आपल्याकडची काळी कापसाची जमीन आठवा, तसंच काहीसं.

त्या काळातला श्रीमंतीचा नमुना म्हणजे टस्कीगीतला ग्रे कॉलम्स हा बंगला. १८५० च्या दशकात वार्नर कुटुंबाने तो बांधला. ग्रीक मंदिरासारखे उंच खांब, रुंद व्हरांडा. तो राष्ट्रीय नोंदवहीत आहे आणि पुढे टस्कीगीच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळातही त्याचा समावेश झाला.

दक्षिणेत सुरुवातीला जपले गेले ते बहुतेक असेच बंगले. कारण सोपं आहे. ते पक्के बांधलेले होते, मालकांकडे पैसा होता आणि ‘वास्तुकला’ या निकषात ते सहज बसायचे. त्या बंगल्यांमागच्या गुलामांच्या खोपटांना ना पाया पक्का होता, ना कागदपत्रं होती. या बंगल्याची पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. आज तो टस्कीगी विद्यापीठाच्या अध्यक्षांचं निवासस्थान म्हणून ओळखला जातो.

टस्कीगी इन्स्टिट्यूट: विद्यार्थ्यांनी बांधलेलं कॉलेज

४ जुलै १८८१. गुलामगिरी संपून १६ वर्षं झाली होती. लुईस अ‍ॅडम्स हा पूर्वी गुलाम असलेला कारागीर आणि जॉर्ज कॅम्पबेल हा पूर्वी गुलाम बाळगणारा बँकर, या दोघांच्या प्रयत्नांतून कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी शाळा मंजूर झाली होती. ती चालवायला २५ वर्षांचे बुकर टी. वॉशिंग्टन आले. सरकारने पगारासाठी पैसे दिले होते, इमारतीसाठी नाही. म्हणून पहिला वर्ग भरला तो बटलर चॅपल या चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात. विद्यार्थी होते ३०.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टन यांनी १०० एकरांचा एक जुना मळा ५०० डॉलरला घेतला. मालकाचा मोठा वाडा आधीच जळून गेला होता. उरलं होतं एक खोपट, जुनं स्वयंपाकघर, तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं. वर्ग तिथेच भरू लागले. अगदी खुराड्यातसुद्धा.

इमारती बांधायच्या तर विटा हव्यात. गावात वीटभट्टी नव्हती. विद्यार्थ्यांनी भट्टी लावली, ती फसली. दुसरी फसली. तिसरीही फसली. हातात पैसे उरले नाहीत तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण ठेवलं. चौथी भट्टी जमली. घड्याळ मात्र सोडवता आलं नाही. पुढे याच विटा गावातले गोरे लोकही विकत घेऊ लागले.

वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात दिलेल्या हिशेबानुसार पहिल्या १९ वर्षांत लहानमोठ्या ४० इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या चार सोडून बाकी जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या श्रमातून.

या इमारतींचा आराखडा करणारा माणूसही लक्षात ठेवण्यासारखा आहे. रॉबर्ट आर. टेलर हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीतून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पदवी मिळाली १८९२ साली आणि त्याच वर्षी ते टस्कीगीला आले. वॉशिंग्टन यांचं घर ‘द ओक्स’, कार्नेगी ग्रंथालय, अनेक वसतिगृहं ही टेलर यांची कामं. म्हणजे आराखडा कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा, विटा विद्यार्थ्यांच्या आणि गवंडीकामही विद्यार्थ्यांचंच. या कॅम्पसचं महत्त्व खांबांच्या सौंदर्यात शोधायला गेलं तर हुकतं.

१९६५ मध्ये टस्कीगी इन्स्टिट्यूटला राष्ट्रीय ऐतिहासिक लँडमार्कचा दर्जा मिळाला. १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कॅम्पसवर ‘द ओक्स’ आणि कार्व्हर संग्रहालय नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहेत. बाकीच्या बहुतेक जुन्या इमारती विद्यापीठाच्या मालकीच्या आहेत आणि आजही वापरात आहेत. त्यामुळे छप्पर गळलं तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी विद्यापीठाची. ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांसाठी केंद्र सरकारचं वेगळं जतन अनुदान आहे, पण त्यासाठी अनेक संस्था रांगेत असतात.

दर्जा मिळायच्या आधी जे गेलं ते गेलंच. टेलर यांनी आराखडा केलेलं आणि १८९८ मध्ये पूर्ण झालेलं कॅम्पसचं चॅपल १९५७ मध्ये आगीत जळालं. त्या जागी १९६९ मध्ये पॉल रुडॉल्फ यांच्या आराखड्यानुसार नवं चॅपल उभं राहिलं, आणि आता तेच आधुनिक वास्तुकलेचा महत्त्वाचा नमुना मानलं जातं.

कार्व्हर संग्रहालय: जुन्या लाँड्रीत

कार्व्हर १८९६ मध्ये टस्कीगीला आले आणि ५ जानेवारी १९४३ रोजी तिथेच वारले. त्यांची कबर कॅम्पसवर वॉशिंग्टन यांच्या कबरीशेजारी आहे.

त्यांचं संग्रहालय संस्थेच्या जुन्या लाँड्रीच्या इमारतीत आहे. कार्व्हर हयात असतानाच ते सुरू झालं आणि १९४१ च्या उद्घाटनाला उद्योगपती हेन्री फोर्ड आले होते. १९४७ मध्ये तिथे आग लागली आणि कार्व्हर यांनी काढलेली बरीचशी चित्रं नष्ट झाली. शेंगदाणे आणि रताळ्यांवरच्या त्यांच्या कामाविषयी आपण वाचतो, पण ते उत्तम चित्रकार होते याचे पुरावे आता मोजकेच उरलेत, ते या आगीमुळे.

संग्रहालयात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जेसप वॅगनची आठवण. १९०६ मध्ये सुरू झालेली ही घोड्यांची गाडी म्हणजे चाकांवरची शेतीशाळा. ज्या शेतकऱ्यांना कॉलेजात येता येत नाही, त्यांच्या बांधावर शिक्षण न्यायचं ही कल्पना. आपल्याकडच्या कृषी विस्तार कार्यक्रमांशी तिचं नातं लगेच लक्षात येईल.

रोझेनवाल्ड शाळा: गावकऱ्यांनी पैसे भरून बांधलेल्या

१९१२ साली सीअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी ५० व्या वाढदिवसानिमित्त टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातले २,८०० डॉलर उरले. ते परत न करता टस्कीगीच्या आसपासच्या गावांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा बांधू का, असं वॉशिंग्टन यांनी विचारलं. त्यातून जे सुरू झालं, ते १९३२ पर्यंत १५ राज्यांत जवळपास ५,००० शाळांपर्यंत पोचलं.

योजनेची अट अशी की रोझेनवाल्ड काही भाग देणार, उरलेला गावाने आणि शाळा मंडळाने उभा करायचा. रोख नसेल तर लाकूड द्या, श्रम द्या. रोझेनवाल्ड यांच्याकडून सुमारे ४४ लाख डॉलर आले, आणि खंडाने शेती करणाऱ्या, मजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीय समाजाने उभे केले सुमारे ४७ लाख. म्हणजे नाव देणगीदाराचं, पण गावकऱ्यांचा वाटा त्याहून जास्त. हे लोक सरकारला करही भरत होते, म्हणजे शाळेसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजत होते.

शाळांचे आराखडेही विचारपूर्वक केलेले होते. वीज नव्हती, म्हणून पूर्व आणि पश्चिम दिशांना मोठ्या खिडक्यांच्या रांगा. दिवसभर नैसर्गिक उजेड मिळावा हा हेतू.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णभेदाची विभागणी घटनाबाह्य ठरवली. पुढे या शाळा बंद पडत गेल्या. लाकडी इमारती, वापर नाही, मालकी गुंतागुंतीची. २००२ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने रोझेनवाल्ड शाळांचा देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. आज सुमारे ५०० शाळा उरल्या असाव्यात असा अंदाज आहे, म्हणजे दहातली एक. वर आपण पाहिलेला नियम इथे आठवा. नुसत्या नोंदीने लाकडी छप्पर वाचत नाही.

शायलो चर्च: जिथे कबरीही पुरावा आहेत

मेकन काउंटीतल्या नोटासल्गा गावाजवळ शायलो मिशनरी बॅप्टिस्ट चर्च आहे. शेजारीच १९२० च्या दशकातली रोझेनवाल्ड शाळा आणि जवळ दफनभूमी. चर्च आणि शाळा २०१० मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत गेले. दिसायला साध्या इमारती. महत्त्व त्यांच्याशी जोडलेल्या माणसांचं.

१९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने मेकन काउंटीत सिफिलिस या रोगाचा अभ्यास सुरू केला. ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले, बहुतेक गरीब शेतमजूर. ३९९ जणांना हा आजार होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही. तुमचं ‘रक्त खराब’ आहे, एवढंच सांगितलं. मोफत तपासणी, जेवण आणि शवविच्छेदनाला संमतीच्या बदल्यात दफनाचा खर्च, असं आमिष होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचं औषध आलं, तरी ते त्यांना दिलं नाही. उपचार न केल्यास आजार शरीराचं काय करतो, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. हे ४० वर्षं चाललं.

या पुरुषांशी संपर्क साधण्यासाठी लोकांच्या विश्वासाच्या जागा वापरल्या गेल्या, म्हणजे चर्च आणि शाळा. शायलो ही त्यातलीच एक. त्यांच्यातल्या अनेकांच्या कबरी शायलोच्या दफनभूमीत आहेत.

जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पत्रकार जीन हेलर यांनी ही बातमी फोडली. आरोग्य सेवेतले माजी कर्मचारी पीटर बक्स्टन यांनी दिलेल्या माहितीतून ती बाहेर आली होती. अभ्यास थांबला. टस्कीगीचे वकील फ्रेड ग्रे यांनी खटला भरला आणि १९७४ मध्ये सरकारने १ कोटी डॉलरची तडजोड केली. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर माफी मागितली. आज जगभर कोणत्याही वैद्यकीय संशोधनाआधी ‘माहितीपूर्ण संमती’ घेतली जाते, त्या नियमांना आकार देण्यात या प्रकरणाचा मोठा हात आहे.

शायलोची शाळा वाचली ती स्थानिकांमुळे. चर्चशी जोडलेल्या कुटुंबांनी पुढाकार घेतला, निधी गोळा केला, शाळा दुरुस्त करून घेतली. राष्ट्रीय नोंदवहीतल्या नावाचा इथे उपयोग झाला, कारण अनुदान मागताना ‘ही जागा का महत्त्वाची’ हे सिद्ध करणारा कागद हातात होता.

माजी सैनिकांचं रुग्णालय आणि क्लॅनचा मोर्चा

पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना दक्षिणेतली रुग्णालयं दारात उभं करत नव्हती. म्हणून १९२३ मध्ये टस्कीगीत त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालय उघडलं. जमीन टस्कीगी इन्स्टिट्यूटने दिली. तरी डॉक्टर आणि अधिकारी गोरेच हवेत, असा आग्रह स्थानिक गोऱ्या पुढाऱ्यांनी धरला. टस्कीगीचे दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन मागे हटले नाहीत. जुलै १९२३ मध्ये कू क्लक्स क्लॅनने गावात मोर्चा काढला. शेवटी १९२४ मध्ये रुग्णालय कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या हाती आलं. या रुग्णालयाचा परिसरही राष्ट्रीय नोंदवहीत आहे.

मोटन फील्ड: एक विमानतळ वाचला, दुसरा गेला

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय वैमानिक घेत नसत. १९४१ मध्ये प्रयोग म्हणून टस्कीगीत प्रशिक्षण सुरू झालं. प्राथमिक प्रशिक्षण मोटन फील्डवर व्हायचं. हा छोटा विमानतळ रोझेनवाल्ड फंडाच्या कर्जातून उभा राहिला. मार्च १९४२ मध्ये पहिल्या तुकडीतले पाच जण वैमानिक होऊन बाहेर पडले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या जवळपास एक हजार झाली. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातली वर्णभेदी विभागणी संपवण्याचा आदेश काढला, त्यामागे या वैमानिकांच्या कामगिरीचाही वाटा होता.

पुढचं प्रशिक्षण काही किलोमीटरवरच्या टस्कीगी आर्मी एअर फील्डवर व्हायचं. तो तळ कितीतरी मोठा होता. १९४६ मध्ये तो बंद झाला आणि तिथलं जवळजवळ काहीच उरलं नाही. मोटन फील्डही पूर्ण वाचलं नाही. १९८९ मध्ये एक हँगर जळाला. १९९८ मध्ये संसदेने या जागेला टस्कीगी एअरमेन राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला, २००८ मध्ये पहिल्या हँगरमधलं संग्रहालय उघडलं आणि २०१२ मध्ये जळालेल्या हँगरच्या जागी उभारलेली नवी इमारत खुली झाली. तोवर अनेक वैमानिक हयात नव्हते.

कोर्टासमोरचा पुतळा: कुणाची आठवण जपायची?

टस्कीगीच्या मध्यावर १९०५ च्या सुमारास बांधलेलं काउंटी कोर्ट आहे. तेही राष्ट्रीय नोंदवहीत आहे. त्याच्यासमोरच्या चौकात कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा आहे. कॉन्फेडरेट म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेला दक्षिणेचा पक्ष.

१९०६ मध्ये काउंटीने चौकाची ही जागा युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या संघटनेला दिली, गोऱ्या लोकांसाठी उद्यान करायला. १९०९ मध्ये पुतळा उभा राहिला. बहुसंख्य कृष्णवर्णीय गावाच्या मधोमध तो गेली अनेक दशकं वादाचा विषय आहे. जुलै २०२१ मध्ये गावाचे नगरसेवक आणि माजी महापौर जॉनी फोर्ड यांनी शिडीवर चढून करवतीने पुतळ्याचा पाय कापायला घेतला होता. जागेच्या मालकीचा वाद कोर्टातही गेला.

इथे अलाबामाचा २०१७ चा कायदा माहिती असायला हवा. सार्वजनिक जागेवरचं ४० वर्षांहून जुनं स्मारक हलवायला या कायद्याने मनाई आहे आणि ते मोडल्यास २५ हजार डॉलर दंड होतो. या कायद्याचा जोर कॉन्फेडरेट पुतळे वाचवण्यावर आहे, अशी टीका होते. दुसरीकडे खासगी किंवा चर्चच्या जागेवरची रोझेनवाल्ड शाळा राष्ट्रीय नोंदवहीत असली, तरी ती पडू नये म्हणून सक्ती करणारा कोणताही कायदा नाही. एकाच राज्यात दोन आठवणींना मिळणारं संरक्षण किती वेगळं असू शकतं, ते यातून दिसतं.

सोशल मीडियावर फिरणारे तीन गैरसमज

१. “टस्कीगीत निरोगी लोकांना सिफिलिसची इंजेक्शनं दिली.” चूक. आजार आधीपासून असलेल्यांचा उपचार रोखला गेला. गुन्हा तेवढाच गंभीर आहे, पण घडलं ते असं.

२. “टस्कीगी वैमानिकांनी सोबत केलेलं एकही बॉम्बर विमान पडलं नाही.” हा दावा अनेक दशकं केला गेला. अमेरिकी हवाई दलाच्या इतिहासकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा २७ बॉम्बर पडल्याचं दिसलं. तरीही हे प्रमाण इतर अनेक तुकड्यांपेक्षा चांगलं होतं.

३. “पीनट बटरचा शोध कार्व्हर यांनी लावला.” नाही. त्यांच्या आधीच इतरांनी त्याची पेटंट घेतली होती. कार्व्हर यांचं खरं काम होतं कापसाने खंगलेल्या जमिनीला फेरपालटाने सावरणं आणि शेतकऱ्याला घरच्या घरी वापरता येईल असं ज्ञान देणं.

तुम्हाला भेट द्यायची असेल तर

टस्कीगी हे अटलांटाहून साधारण २०० किलोमीटरवर आणि माँटगोमेरीहून ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. इंटरस्टेट ८५ या महामार्गावरून जाता येतं. कार्व्हर संग्रहालय आणि मोटन फील्ड एका दिवसात पाहून होतात. दोन्हींच्या वेळा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या वेबसाइटवर पाहून जा, विशेषतः ‘द ओक्स’ खुलं आहे का ते तपासा. शायलोला जायचं असेल तर आधी संपर्क साधलेला बरा, आणि दफनभूमीत फोटो काढताना तिथे आजही येणाऱ्या कुटुंबांचं भान ठेवा.

अमेरिकेत राहणारे तुमचे नातेवाईक स्वतःच्या काउंटीतल्या जागाही शोधू शकतात. राष्ट्रीय नोंदवही ऑनलाइन आहे आणि काउंटीचं नाव टाकून शोधता येतं. प्रत्येक नोंदीबरोबर सहसा एक अर्ज जोडलेला असतो. त्यात इमारत कुणी बांधली, कशासाठी वापरली आणि ती का महत्त्वाची, हे सविस्तर असतं. तो नक्की वाचा. मेकन काउंटीतल्या साध्यासुध्या इमारती कुणी आणि का जपल्या, हे पाटीवर मावत नाही, त्या अर्जात सापडतं.